म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं: लहान मुलांच्या हातात संख्या कशा द्यायच्या

कळव्यात माझा छोटा बालवर्ग आहे. दर जूनमध्ये नवी मुलं येतात आणि त्यांना सोडायला आलेले आजी-आजोबा दारातच सांगतात, "ताई, हिला शंभरपर्यंत येतं हं." नातही लगेच हात मागे बांधून सुरू होते. एक, दोन, तीन करत गाडी पंचावन्नपर्यंत धडधडत जाते. मी मनापासून शाबासकी देते आणि चटईवर बाटल्यांची सात झाकणं मांडते. "ही मोज बघू." बोट झाकणांवरून भराभर फिरतं, तोंड आपल्या वेगाने चालतं आणि सात झाकणांची अकरा होतात. "मग किती आहेत?" असं विचारलं, की ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते.

तिचं काहीही चुकलेलं नाही. तिला अंकांचं गाणं येतं, आणि ते यायलाच हवं. पण मोजणं ही हाताने करायची गोष्ट आहे. आधी हात, मग तोंड, मग डोळे आणि सगळ्यात शेवटी पेन्सिल, हा क्रम मी पाळते. आपल्याकडे तो बरोबर उलटा होतो. चौथं वर्ष लागलेल्या मुलाला एक ते शंभर वहीत लिहून आणायचा गृहपाठ मिळतो, बोटं दुखतात, घरात रडारड होते आणि गणिताशी ओळख होण्याआधीच वैर सुरू होतं. साधारण तीन ते सात वर्षांच्या मुलांबरोबर घरी किंवा वर्गात काय करता येईल, ते मी करते त्या क्रमाने इथे लिहिते आहे.

मोजताना मूल नक्की काय करतं

रोशेल गेलमन आणि चार्ल्स गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली. मूल कुठे अडलंय हे ओळखायला मला ती रोज उपयोगी पडतात. पहिलं म्हणजे एका वस्तूला एकच शब्द, आपल्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत एकास एक संगती. दुसरं, शब्दांचा क्रम ठरलेला असतो. आपल्याकडे पूर्वी धान्य मापताना पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणत, पण दर वेळी पहिल्याच मापाला म्हणत. शब्द बदलला तरी क्रम मोडला नाही. तिसरं तत्त्व सगळ्यात अवघड: शेवटी उच्चारलेला शब्द हा त्या शेवटच्या वस्तूचं नाव नसून सगळ्यांची मिळून संख्या असते. चौथं, मोजायला काहीही चालतं, झाकणं, टाळ्या, कालचे दिवस. आणि पाचवं, कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येतं.

सुरुवातीला सांगितलेली मुलगी दुसऱ्या तत्त्वात पक्की आहे, पहिल्या आणि तिसऱ्यात कच्ची. म्हणजे तिला पुढचे अंक पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही. तिच्या बोटाचा आणि शब्दाचा मेळ बसवायला हवा.

साहित्य

महागडे संच आणू नका. मला लागतात बाटल्यांची ५५ झाकणं, आईस्क्रीमच्या १०० काड्या, रबरबँड, कपड्यांचे चिमटे, कपडे वाळत घालायची दोरी आणि ३० अंड्यांचा एक ट्रे. ५५ झाकणं कशाला आणि काड्यांतल्या आधी ४५ च का, ते पुढे येईल. ट्रेमध्ये पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात. दोन-दोन ओळींवर कापला, की दहा-दहा खळग्यांच्या तीन चौकटी मिळतात. ट्रे प्लास्टिकचा असेल तर साबणाने स्वच्छ धुऊन वाळवून घ्या. पुठ्ठ्याचा धुता येत नाही, तो मुलांच्या हातात देऊ नका. घरात अंडी येत नसतील तर जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर दहा घरं आखा, तेवढंच चांगलं काम होतं.

जवळच्या, फुकटच्या वस्तूंनी शिकवणं ही आपल्याकडे तडजोड म्हणून आलेली नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभं केलं, त्यात मॉन्टेसरीची तत्त्वं होती आणि साहित्य होतं शिंपले, खडे, बिया, पानं. तेव्हा कोसबाड ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ते तिकडे गेलं. एनसीईआरटीने २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जादुई पिटारा ही खेळ-साहित्याची पेटी आणली, त्याचा गाभाही खेळातून शिकणं हाच आहे. आपल्या जिल्ह्याने ती वाट फार आधी चालून दाखवली होती, हे ठाण्यातल्या पालकांना सांगताना मला अभिमान वाटतो.

एक इशारा मात्र गांभीर्याने घ्या. चिंचोके, वाटाणे, मणी, गोट्या नाकात जातात, घशात अडकतात. तीन वर्षांखालच्या मुलाला मुठीत सहज लपेल अशी वस्तू देऊच नका. त्याच्यासाठी वाट्या, चमचे, बटाटे, मोजे. मोठं मूल झाकणांनी खेळत असेल आणि घरात रांगतं बाळ असेल, तर खेळ टेबलावर मांडा आणि संपल्यावर वस्तू मोजूनच डब्यात भरा. मोजणीचा सरावही होतो आणि एखादं झाकण सोफ्याखाली राहिलं तर लगेच कळतं.

पायरी पहिली: अंकाशिवाय जोड्या

जेवणाची पानं मांडताना मुलाला हाताशी घ्या. प्रत्येक ताटाला एक वाटी, प्रत्येक वाटीला एक चमचा. "चार वाट्या आण" असं म्हणायचं नाही. "प्रत्येक ताटाला एक वाटी हवी" एवढंच. मूल पाच वाट्या आणेल, एक उरेल. "ही कोणाची?" तीन आणेल, आजोबांचं ताट रिकामं राहील. उरलं की जास्त, पुरलं नाही की कमी, आणि बरोबर पुरलं की सारखं. जास्त, कमी आणि सारखं हे तीन शब्द अंकांच्या आधी रुजायला हवेत. चपलांच्या जोड्या आणि डबे-झाकणं याच कामाची. यासाठी आठवडाभर द्या, घाई करू नका.

पायरी दुसरी: हलवा आणि म्हणा

दोन ताटल्या घ्या. डावीकडच्या ताटलीत पाच झाकणं. एक झाकण उचलायचं, उजवीकडच्या ताटलीत ठेवायचं आणि ठेवतानाच अंक म्हणायचा. खट्, "एक". खट्, "दोन". झाकण ताटलीवर आपटल्याचा आवाज आणि शब्द एकाच वेळी आले पाहिजेत. नुसतं बोट लावून मोजताना बोट पुढे पळतं किंवा मागे राहतं. वस्तू उचलायची म्हटली की हात आपोआप सावकाश होतो. शिवाय मोजलेलं उजवीकडे, मोजायचं डावीकडे, त्यामुळे एकच झाकण दोनदा मोजलं जात नाही.

हे जमलं की एकेक आधार काढत जा. आधी न हलवता सरळ ओळीत, नुसता हात लावून. मग गोलात. गोलात मूल फिरतच राहतं, कारण कुठून सुरू केलं ते विसरतं. तिथे त्याला थेट उत्तर सांगू नका, "सुरुवात कुठून केलीस ते कसं लक्षात ठेवशील?" असं विचारा. माझ्या वर्गातल्या एका मुलाने पहिल्या झाकणावर स्वतःची टिकली लावली होती. त्यानंतर विखुरलेल्या वस्तू, आणि शेवटी हात लावता येत नाहीत अशा. तलावपाळीवर दिव्याचे खांब मोजणं सोपं, कारण ते जागचे हलत नाहीत आणि आपण चालत त्यांच्यापाशी जातो. पाण्यातल्या बोटी मोजणं फार कठीण, त्या फिरत असतात. पाच वर्षांच्या मुलाचं बोटी मोजताना चुकलं तर त्याला मोजता येत नाही असा अर्थ काढू नका.

चुकलं की "चूक" म्हणायचं नाही. "पुन्हा एकदा, या वेळी सावकाश, मी पण हात लावते" म्हणायचं आणि त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवायचं.

पायरी तिसरी: "मला तीन दे"

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि घरोघरी सुटते तीही हीच. आपण मुलाला "मोज" म्हणतो, "दे" म्हणत नाही. वाटीत दहा झाकणं ठेवून "मला तीन दे" म्हणा. वीसपर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुलं मूठभर झाकणं उचलून हातावर ठेवतात. कारण द्यायचं म्हणजे तीनवर थांबायचं, आणि थांबायला शेवटचा शब्द म्हणजे एकूण किती, हे उमजलेलं लागतं.

अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान हे हळूहळू उलगडतं. आधी "एक" नेमका कळतो आणि बाकी सगळं "खूप" असतं. काही महिन्यांनी "दोन" कळतो, मग "तीन". चारच्या आसपास मुलाला एकदम किल्ली सापडते आणि मग पाच, सहा, सात मागितले तरी ते मोजून देतं. म्हणून मूल दोन बरोबर देत असेल तर त्याला तीन मागायचे, दहा नाही. रोजच्या कामातच मागा. दोन कांदे दे, तीन टोमॅटो पिशवीत टाक, देवाला चार फुलं आण. जांभळी नाक्याच्या बाजारात गेलात तर भाजीवाल्या मावशींच्या टोपलीतून पाच लिंबं मुलालाच निवडू द्या. मागे रांग असली तरी अर्धा मिनिट लागतो.

मोजून झाल्यावर वस्तूंवरून हात गोल फिरवत "म्हणजे सगळी मिळून पाच" असं आपण म्हणायचं. हा हात फिरवणं मी कधीच चुकवत नाही. एकेका झाकणाला लावलेले शब्द त्या हाताने एकत्र गोळा होतात.

तुम्ही पाच झाकणांची ओळ लांब पसरवलीत, तर चार-पाच वर्षांचं मूल सांगेल की आता जास्त झाली. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या प्रयोगांपासून हे माहीत आहे, आणि साधारण सहा-सात वर्षांपर्यंत असं होत राहतं. वाद घालू नका. पसरवा, जवळ आणा, पुन्हा मोजू द्या. पटायचं तेव्हा आपोआप पटतं.

पायरी चौथी: न मोजता ओळखणं

तीन-चार वस्तू आपल्याला मोजाव्या लागत नाहीत, दिसतात. ल्यूडोच्या फाशावरचे पाच ठिपके आपण चेहऱ्यासारखे ओळखतो. मुलांना ही नजर द्या. झाकणं मांडून वर रुमाल टाका, दोन सेकंद उघडा, झाका. "किती दिसली?" आणि लगेच "कशी दिसली?" हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा. "वर दोन, खाली दोन" असं मूल म्हणालं, की बेरजेची सुरुवात झाली.

ट्रेची चौकट इथे बाहेर काढा. वरची ओळ भरून मगच खालच्या ओळीत जायचं, एवढाच नियम. सात झाकणं ठेवली की दिसतं: एक ओळ पूर्ण म्हणजे पाच, खाली दोन, आणि तीन खळगे रिकामे. सात म्हणजे पाच आणि दोन, सात म्हणजे दहाला तीन कमी. पुढे पहिली-दुसरीत हातचा येईल तेव्हा मुलाच्या डोळ्यांपुढे हाच ट्रे उभा राहील. अंगणवाडीपासून ठिपक्यांची रांगोळी करून घेतात तीही अशीच नजर तयार करते. पाच ठिपके, पाच ओळी.

पायरी पाचवी: शून्य आणि पंचेचाळीस काड्या

मॉन्टेसरी वर्गात काड्यांची एक पेटी असते: ० ते ९ असे दहा कप्पे आणि बरोबर ४५ काड्या. घरी दहा पेले घ्या, प्रत्येकावर अंकाची चिठ्ठी लावा. मुलाने १ च्या पेल्यात एक काडी, २ च्या पेल्यात दोन, असं ९ पर्यंत भरायचं. प्रत्येक वेळी आधी काड्या मुठीत मोजून घ्यायच्या, मग पेल्यात ठेवायच्या, म्हणजे आठ काड्यांचा जुडगा तीनपेक्षा किती जाड असतो ते हाताला कळतं.

गंमत शेवटी आहे. सगळं बरोबर असेल तर ९ च्या पेल्यात नववी काडी पडते आणि हात रिकामा होतो. काडी उरली किंवा कमी पडली तर कुठेतरी घोटाळा आहे, आणि तो मूल स्वतः शोधतं. आपण गप्प बसायचं. मोठ्यांना हे गप्प बसणं फार जड जातं.

० चा पेला रिकामाच. मुलं तिथे एक तरी काडी टाकायला बघतात. मग मी एक खेळ घेते: "तीन उड्या मार, एक टाळी वाज, शून्य उड्या मार." काहीच न करता उभं राहायचं. मुलं हसून लोटपोट होतात आणि शून्य म्हणजे काय ते अंगाला कळतं.

अंकचिन्हं

इतकं झाल्यावर चिन्हं. ठाणे-नवी मुंबईतल्या मुलांपुढे दोन लिप्यांचे अंक एकाच वेळी येतात, त्यातून खरा गोंधळ होतो. मराठी १ आणि इंग्रजी नऊ, मराठी ४ आणि इंग्रजी आठ यांत चार वर्षांच्या डोळ्याला फारसा फरक दिसत नाही. मराठी ३ आणि ६ तर एकमेकांचे आरशातले भाऊ. माझा अनुभव असा, की शाळेत जी लिपी असेल ती आधी पक्की करावी आणि दुसरी दोन-तीन महिन्यांनी, वेगळ्या रंगात आणावी. चिन्ह गिरवायला वही नको. पॉलिश पेपरचा अंक कापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि दोन बोटांनी फिरवू द्या, नाहीतर ताटात रवा पसरून त्यात काढू द्या. पेन्सिलची घाई सहाव्या वर्षाआधी कशाला?

आता क्रम

मोजणं येणं आणि क्रम कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पाच झाकणं देणाऱ्या मुलाला "पाच मोठे की सात?" विचारा, ते गोंधळू शकतं. क्रमाचं मूळ एकाच गोष्टीत आहे: पुढची संख्या म्हणजे आधीचीत एक जास्त. ते दिसायला हवं.

जिना बांधा. एक झाकण, शेजारी दोन झाकणांची उभी ओळ, मग तीन, असं दहापर्यंत. एक ते दहाची बेरीज ५५, म्हणून तेवढी झाकणं. दोन बोटं पायऱ्यांवरून चालवत वर जायचं, एक-एकाने वाढतं: चढता क्रम. खाली यायचं, एक-एकाने कमी होतं: उतरता क्रम. मग मुलाने डोळे मिटायचे, आपण मधली एक ओळ काढून घ्यायची आणि जिना सरकवून जोडून टाकायचा. डोळे उघडल्यावर एका जागी पायरी दुप्पट उंच दिसते. "कोण पळालं?" हा खेळ वर्गात मुलं रोज मागतात. मटारच्या दिवसांत शेंगा सोलताना प्रत्येक शेंगेतले दाणे मोजून शेंगा कमी दाण्यांपासून जास्त दाण्यांपर्यंत लावायच्या. हाच जिना, आणि जेवणाची तयारीही होते. पाच वर्षांवरच्यांसाठी, आणि शेजारी बसून.

मग दोरी. मुलाच्या छातीइतक्या उंचीवर बांधा आणि ० ते १० च्या चिठ्ठ्या चिमट्यांनी लावा. सगळ्या एकदम देऊ नका. आधी ० आणि १० टोकांना लावून ५ द्या. "हा कुठे जाईल?" मूल सुरुवातीला त्याला शून्याला चिकटवतं. हळूहळू मध्ये आणतं. पाचची जागा ठरली की ४ आणि ६ त्याच्या अलीकडे-पलीकडे जातात, आणि लगतची मागची, लगतची पुढची, मधली संख्या हे पाठ्यपुस्तकातले शब्द मुलाला आयते समजतात.

तिसरी गोष्ट, सरळ पट्टीचा खेळ. पुठ्ठ्यावर एका ओळीत १ ते १० घरं. दोन सोंगट्या आणि एक फासा, त्यावर कागद चिकटवून फक्त १ आणि २ लिहा. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गरीब घरांतली बालवाडीची मुलं असा खेळ दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटं चार वेळा खेळली आणि त्यांची संख्यांची समज ठळकपणे सुधारली. अंकांऐवजी रंगांची घरं असलेला तसाच खेळ खेळलेल्यांची तशी सुधारली नाही. महत्त्वाचा नियम असा: सोंगटी ३ वर असेल आणि फासा २ पडला, तर "एक, दोन" न म्हणता घरातले अंक म्हणायचे, "चार, पाच". या एका सवयीने मूल पुढे मोजायला शिकतं. सापशिडी नंतर आणा. तिच्या पटावर एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि पुढची उलटी फिरते. पाच वर्षांच्या मुलाला त्यात क्रम हरवतो.

घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांकडे उभी संख्यारेषा फुकट आहे: लिफ्ट. तळमजला शून्य, वर जाताना चढता क्रम, खाली येताना उतरता. "आपण चौथ्यावर, आजी सातव्यावर. किती मजले वर?" एका मुलाने मला विचारलं होतं, "ताई, पार्किंग शून्याच्या पण खाली आहे, त्याचा नंबर काय?" चार वर्षांच्या मुलाने स्वतःहून ऋण संख्यांचं दार ठोठावलं होतं.

पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक शब्द मात्र वेगळे शिकवावे लागतात. मला त्यासाठी ठाण्याहून वाशीला जाणारी गाडी फार आवडते. ठाणे पहिलं स्टेशन, दिघा गाव दुसरं, ऐरोली तिसरं, रबाळे चौथं, घणसोली पाचवं, कोपरखैरणे सहावं, तुर्भे सातवं, सानपाडा आठवं, वाशी नववं. नऊ स्टेशनं, नऊ झाकणं, प्रत्येक स्टेशनाला एक झाकण पुढे. परतीला वाशी पहिलं होतं आणि ठाणे नववं. स्टेशन तेच, क्रम बदलला. मुलं यावर खूप वेळ विचार करतात. करू द्या.

जाता जाता एक. नवी मुंबईतला सेक्टर नंबर, बसचा नंबर, फ्लॅटचा नंबर हे अंक असले तरी संख्या नव्हेत, नावं आहेत. सेक्टर १७ हा सेक्टर ९ पेक्षा मोठा असेलच असं नाही. मूल "मोठा नंबर म्हणजे मोठी बस का?" विचारतं तेव्हा ते हुशारीचं लक्षण समजा.

दहाच्या पुढे: जुड्या आणि एकोण

इथे मराठी मुलांची खरी परीक्षा आहे. आपण बोलताना सुटे आधी बोलतो आणि दशक नंतर: पंचवीस, म्हणजे पाच आणि वीस. लिहिताना मात्र दशक आधी. म्हणून पंचवीस ऐकून मूल ५२ लिहितं. त्याने कानाला ऐकू आलं ते तंतोतंत लिहिलेलं असतं. चौतीस आणि त्रेचाळीस यांची अदलाबदलही यातूनच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक", "वीस दोन" अशी वाचनपद्धत आणली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचा आग्रह मुलांना जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा त्रास होऊ नये एवढाच होता. मी दोन्ही वापरते. हातात जुड्या असताना "वीस आणि पाच", आणि बोलताना पंचवीस. आपले शब्द जपायचे, पण मुलाला त्यांच्या आत काय आहे ते उघडून दाखवायचं.

दहा काड्या मोजायच्या, रबरबँड लावायचा. ही झाली दहाची जुडी, म्हणजे एक दशक. रबरबँड मुलानेच लावायचा, आयती जुडी देऊ नका. तेवीस मागितले की दोन जुड्या आणि तीन सुट्या. जुड्या नेहमी मुलाच्या डाव्या हाताला, सुट्या उजव्या, कारण लिहितानाही तसंच येणार आहे. गणपतीच्या दिवसांत तर हे घरात आयतं असतं. २१ दुर्वांची जुडी करताना मुलाला बसवा: दहा, पुन्हा दहा, आणि वर एक. मग एकवीस मोदक ताटात मांडतानाही तेच.

आणि एकोण. एकोणतीस ऐकलं की मुलाला "तीस" ऐकू येतं आणि ते त्याला तिसाच्या पुढे नेऊन बसवतं. पण एकोण म्हणजे एक उणा. हे कळलं की अवघड शब्द स्वतःच उत्तर सांगायला लागतो. तीन जुड्या हातात घ्या. "तीस. आता एक उणा कर." मूल रबरबँड काढून एक काडी बाजूला ठेवतं. उरल्या दोन जुड्या आणि नऊ सुट्या. एकोणतीस. असंच एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. ८९ पर्यंत नियम चालतो, ९९ ला मात्र आपण नव्व्याण्णव म्हणतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने "एकोणशंभर" म्हटलं होतं, आणि मी तिला त्या दिवशी वर्गातली सगळ्यात मोठी शाबासकी दिली.

किती वेळ, कधी काळजी

रोज दहा मिनिटं पुरतात. मूल उठून गेलं तर खेळ संपला. एकाच दिवशी दोन पायऱ्या नकोत, आणि आजारपणानंतर मूल एक पायरी मागे गेलं तर तिथूनच धरा. शेजारच्या मुलाला किती येतं ते त्याच्यासमोर काढू नका. पहिली संपत आली तरी पाच वस्तू मोजून देता येत नसतील, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग शिक्षकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी शांतपणे बोला.

वर्षभर चालणारं एक काम जूनमध्येच सुरू करा. एक बरणी घ्या आणि रोज रात्री मुलाने तिच्यात एक काडी टाकायची. दहा झाल्या की जुडी. १५ जूनला पहिली काडी पडली, तर शंभरावी २२ सप्टेंबरला पडते. त्या रात्री मुलाला दहा जुड्या मोजू द्या आणि मोठा रबरबँड किंवा जुनी नाडी देऊन सगळ्यांची मिळून एक जुडी बांधू द्या. नाडी धरायला एक हात तुमचा लागेल, कारण शंभर काड्या एका छोट्या मुठीत मावत नाहीत.